दारातले ड्रम

लाल आणि काळ्या चेंडूंचा मला मनापासून तिटकारा आहे. एका पिशवीत पाच लाल आणि सात काळे चेंडू आहेत, न बघता दोन काढले, तर दोन्ही लाल निघण्याची संभाव्यता किती? ही पिशवी कुणाची, चेंडू तिच्यात कुणी भरले आणि न बघता काढायची एवढी हौस कुणाला आली, हे आजवर एकाही पुस्तकाने सांगितलेलं नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्या पिशवीत हात घालून बसलेली आहेत. निवृत्तीनंतर मीही बसले, आणि तेही मोबाइलवरून.

हा भाचीचा उद्योग. डोकं रिकामं राहिलं की मी शेजारपाजारच्यांना छळते असं तिचं मत आहे, आणि दहिवलीतल्या आमच्या बिल्डिंगचं मतही फारसं वेगळं नसावं. तिने माझं नाव गृहपाठाला मदत करणाऱ्या एका अ‍ॅपवर घालून टाकलं. मुलं गणिताचा फोटो पाठवतात, आपण चाळीस मिनिटं बोलून, पडद्यावर लिहून ते सोडवून दाखवायचं. माझा विषय संख्याशास्त्र आणि संभाव्यता. कुणी कुणाला नाव सांगायचं नाही असा नियम. विद्यार्थ्याला एक क्रमांक, आणि मला ‘तज्ज्ञ’ हा शब्द आणि त्यापुढे एक क्रमांक. पहिल्या दिवशी तो शब्द वाचून मला हसू आलं. आठवड्याभरात तो मला पटला.

पटायला कारण समोर येणारी मंडळी. इंजिनिअरिंगचा एक मुलगा मला समजावून सांगत होता की परीक्षेत एकतर पास होईन नाहीतर नापास, म्हणजे दोन शक्यता, म्हणजे पास होण्याची संभाव्यता एक द्वितीयांश. मी म्हटलं, तुझ्या बाबतीत नाही. एकीचं उत्तर साडेतीन आलं होतं. संभाव्यता एकाच्या वर जात नाही असं सांगितल्यावर तिने विचारलं, थोडीसुद्धा नाही का? एका मुलाची आई कॅमेऱ्याच्या मागे बसून त्याला उत्तरं कुजबुजायची, आणि तीही चुकीची. बाकीच्यांना फक्त शेवटची ओळ हवी असायची. रीत नको, कारण नको, उत्तर द्या आणि आम्हाला सोडा. अशांना मी उत्तर सोडून बाकी सगळं द्यायची. अ‍ॅपवाल्यांनी दोनदा कळवलं की विद्यार्थ्यांशी जरा सौम्य बोलावं. मी त्यांना त्यांच्या संदेशातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवल्या.

माझ्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा, त्यामागे तीस वर्षांची सवय होती. मोहोपाड्याच्या बाजूला एका केमिकल कंपनीत मी माल तपासणीच्या लॅबमध्ये होते, शेवटची बरीच वर्षं लॅबची प्रमुख. माझ्या सहीशिवाय कच्चा माल आत घेतला जात नव्हता आणि पक्का माल गेटबाहेर पडत नव्हता. चूक दिसली की समोर माणूस कोण आहे ते मी बघत नसे. प्लँटवाले मला पाहून बोलणं बदलायचे, आणि मला ते आवडायचं. दुसरा अभिमान बसचा. कर्जतकडे येणारी कंपनीची पावणेपाचची बस मी एवढ्या वर्षांत एकदाही चुकवली नाही. चुकली की चौक फाट्यावर टमटमची वाट बघत उभं राहा, आणि घरी पोचेपर्यंत दिवेलागण. निरोपाच्या भाषणात मॅनेजरने त्या बसचा खास उल्लेख केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती मुलगी उन्हाळ्याच्या शेवटी आली. मराठीतून शिकवणारं कुणी हवं, एवढंच तिने लिहिलं होतं. खालापूरकडच्या एका गावातून बोलायची. घरात नेट धरत नाही म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहायची, आणि कॅमेरा लावला की आवाज तुटायचा म्हणून कॅमेरा बंद. त्यामुळे माझ्यासाठी ती म्हणजे एक क्रमांक, एक आवाज आणि मधूनमधून टाकी भरून वाहायला लागल्याचा आवाज. मी तिला मुली म्हणायची, ती मला मॅडम.

कुंभिवलीच्या एका कंपनीत ती कंत्राटावर पॅकिंगला होती, दुपारच्या पाळीत. सकाळी अभ्यास. पदवी बाहेरून करत होती, मराठीतून, आणि संख्याशास्त्राचा एक पेपर सोडला तर सगळं सुटलं होतं. हा एक पेपर दोनदा थोडक्यात गेला होता. आता पुढच्या परीक्षेला तीन आठवडे होते. त्या कंपनीच्या लॅबमध्ये एक जागा होणार होती, आणि सुपरवायझरने तिला सांगितलं होतं की दिवाळीच्या आत पदवीचा कागद आण, जागा तुझी, कंपनीच्या पटावर. नाहीतर बाहेरून कुणीतरी येईल. म्हणजे हा पेपर सुटला तर लॅब, नाही सुटला तर जन्मभर खोक्यांना चिकटपट्टी. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, रडगाणं न गाता. मी म्हटलं, ठीक आहे, मग चुका कमी कर.

चुका मात्र तिच्या विचित्र असायच्या. इतर मुलं कशीही चुकतात, आज इकडे तर उद्या तिकडे. ही नेमाने चुकायची. पत्त्यांची गणितं घेतली तेव्हा कॅटमधून एक पत्ता काढला तर तो एक्का असण्याची संभाव्यता तिने दोन पंधरांश लिहिली. उत्तर एक तेरांश. बदाम निघण्याची संभाव्यता एक चतुर्थांश, हे शेंबडं पोरही सांगेल. तिचं उत्तर चार पंधरांश. मी यथेच्छ झोडपलं. पंधरा कुठून आणलेस, पिशवीतून न बघता काढलेस का, असंही म्हणाले. मग लाल पत्त्याचं उत्तर तिने बरोबर एक द्वितीयांश दिलं आणि मला राग यायच्या ऐवजी कुतूहल वाटलं. विचारलं, कॅटमध्ये पत्ते किती? ती म्हणाली, तीस.

त्यांच्या घरी पाच-तीन-दोन खेळतात. अठ्ठीपासून वरचे पत्ते, आणि जोडीला इस्पिक सत्ती आणि बदाम सत्ती. तीस पत्ते. खालचे पत्ते कधीच हरवले होते, पोरांनी त्यांची घरं बांधली होती. तिने जन्मात बावन्न पत्त्यांचा कॅट पाहिला नव्हता. त्या तीस पत्त्यांत बदाम आठ. आठ भागिले तीस, चार पंधरांश. मी कागदावर ताडून पाहिलं, तिची एकूण एक उत्तरं बरोबर होती, फक्त कॅट दुसरा होता. मी तिला ‘बरोबर’ असं म्हटलं नाही. ती माझी पद्धत नव्हती. पुस्तकातला कॅट बावन्न पत्त्यांचा असतो, परीक्षेत घरचे पत्ते नेऊ नकोस, एवढं म्हणून पुढे गेले. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली, की ही मुलगी उगाच चुकत नाही. हिची चूक कुठूनतरी येते.

पेपर परवावर आला तेव्हा आम्ही नमुना निवडीवर होतो. हा प्रश्न दर वर्षी येतो. यादृच्छिक नमुना म्हणजे काय ते उदाहरणासह लिहा. मी म्हटलं, लिहून फोटो पाठव. तिने पाठवला. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, खाली पट्टीने रेघ. आणि वर लिहिलेलं: ‘आलेल्या मालापैकी जो हाताशी असेल, त्यातून घेतलेला नमुना म्हणजे यादृच्छिक (रँडम) नमुना. उदा. गोदामात छत्तीस ड्रम आल्यास दारातले सात ड्रम तपासणे.’

आता हे वाचून माझं काय झालं असेल ते सांगायला नको. यादृच्छिक म्हणजे प्रत्येक ड्रमला निवडलं जाण्याची सारखीच संधी. दारातल्याला, मधल्याला आणि पार भिंतीला टेकलेल्यालाही. हाताशी असेल तो घेतला तर त्याला नमुना म्हणत नाहीत, त्याला आळस म्हणतात. माल पाठवणारे काय दुधखुळे असतात का, चांगले ड्रम पुढे आणि भेसळीचे मागे रचायची अक्कल त्यांना नसते का? हे मी बराच वेळ बोलले. गेल्या दोन्ही वेळेला काय लिहिलं होतंस, असं विचारलं. तिने सांगितलं, हेच. म्हणजे पाच मार्क दोनदा पाण्यात, आणि ती गेली होती थोडक्यात.

“पन मॅडम, हे चुकीचं नसंल,” ती म्हणाली. “पप्पांनी सांगितलंय. ते हेच काम करायचे.”

तिचा आवाज शांत होता. मी सांगते ते तिने पत्त्यांच्या बाबतीत निमूट ऐकलं होतं, इथे ऐकायला तयार नव्हती. मी आणखी चढले. म्हटलं, तुझ्या पप्पांना हे ज्या कुणी शिकवलं, त्या माणसाला गोदामाच्या आसपास फिरकू देऊ नये. असली कामचुकार, बेजबाबदार माणसं कंपन्यांमध्ये पगार खातात म्हणून माल परत येतो. बिचाऱ्या हेल्परला काय कळतंय, त्याला सांगतील ते तो करणार, पण सांगणाऱ्याला तर लाज पाहिजे.

ती म्हणाली की सांगणारी मॅडम होती. पप्पा मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर हेल्पर होते, ड्रममध्ये लांब रॉड घालून नमुना काढायचं काम त्यांच्याकडे. लॅबच्या मॅडम लई कडक. त्यांची चूक कुणी काढायची बिशाद नव्हती. पप्पांनी एकदा विचारलं होतं की कुठले ड्रम उघडू, तर मॅडम म्हणाल्या, रँडम घे. पप्पांना शब्द कळला नाही. तेव्हा मॅडमनी हातानेच दाखवलं.

“म्हनाल्या, रँडम म्हंजे हे दारातले घे रं. पप्पांनी तवापासनं तसंच केलं. ते घरी पन बोलतात ना मॅडम, भाजी आनायची तर म्हनतात, रँडम आन, वरची वरची.”

ते वाक्य मला आठवत नाही असं म्हणायला मला फार आवडलं असतं. आठवलं. पाठोपाठ गोदामही आठवलं, निळे ड्रम एकावर एक, मागच्या रांगेपर्यंत पोचायला ड्रम उचलणारी फोर्कलिफ्ट लागायची, आणि ती चालवणारा चारला घरी जायचा. ट्रक नेमके दुपारी उशिरा यायचे. जितके ड्रम आले त्याचं वर्गमूळ काढा, त्यात एक मिळवा आणि तितके उघडा, हा कंपनीचा नियम मी काटेकोर पाळायची. छत्तीसाला सात म्हणजे सातच, सहा मी कधी चालवून घेतले नाहीत. कुठले सात, हे मात्र घड्याळ ठरवायचं. एकदा नाही, दोनदा नाही. रँडम हा शब्द आमच्याकडे पुढे इतका रुळला की मी नुसता दाराकडे हात केला तरी माणूस समजायचा. आणि खाली माझी सही.

तो माणूस मला आठवत होता. रॉड खांद्यावर टाकून उभा राहणारा. त्याचं नाव मला कधीच माहीत नव्हतं. मी त्याला ए रॉड अशी हाक मारायची.

आता खरं सांगायचं ठरवलंय तर पुढचंही सांगते. मी तेव्हा कबूल केलं नाही. मी म्हटलं, तुझ्या पप्पांनी चुकीचं ऐकलं असेल. हे वाक्य माझ्या तोंडातून इतकं सहज गेलं, की ते जाऊन पोचेपर्यंत मला त्याची लाजही वाटली नाही. ती म्हणाली, पप्पा चुकीचं ऐकणार नाहीत, त्यांनाच विचारते. आणि तिने गच्चीच्या कठड्यावरून खाली हाक मारली, की पप्पा वर या, मॅडम म्हणतात तुम्ही चुकीचं ऐकलंत.

जिन्यावर पावलं वाजली. दम लागलेला श्वास फोनजवळ आला. तेवढ्यात तिने सगळं त्याला सांगून टाकलं, दारातले ड्रम, पाच मार्क, आणि कामचुकारही. तो ऐकत होता. मग फोनमध्ये म्हणाला, “नमस्कार मॅडम.” मी नमस्कार म्हटलं. एका शब्दात माणूस ओळखू येतो का? मग तो फोनपासून जरा लांब होऊन पोरीला म्हणाला, “हां गं, मीच चुकीचं ऐकलं असंल. मॅडम सांगतात तसं लिही.”

“काय पप्पा तुमी,” ती म्हणाली. “दोन टायमाला मी तेच लिहून आले. काय कळत नाय तर सांगायचं कशाला?”

हा स्वर माझा होता. तीन आठवड्यांत तिने संभाव्यता किती उचलली होती कोण जाणे, हा स्वर मात्र पूर्ण उचलला होता. आणि तो समोर उभं राहून ऐकत होता, जसा गोदामात ऐकायचा. माझ्या हातात सुटायचा सोपा मार्ग त्याने स्वतः आणून दिला होता. पोर बरोबर व्याख्या लिहिणार, पास होणार, मी तज्ज्ञ राहणार, आणि बाप त्याच्या घरात अडाणी ठरणार. मला स्वतःची शिसारी आली. एवढी वर्षं मी ज्यांना झोडपलं त्यांच्यातला एकही इतका हलका नव्हता.

मी म्हटलं, “मुली, त्यांनी बरोबर ऐकलं. ती मॅडम मी. मी तसंच सांगितलं होतं.”

तो म्हणाला की आवाज त्याने पहिल्याच दिवशी ओळखला होता, जिन्याखालून फोनचा स्पीकर ऐकताना. मग पोरीला बोलला का नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, बोलायचं काय, मॅडम चांगल्या शिकवतात हे त्याला माहीत होतंच. यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मला वाटलं, मुलगी आता फोन ठेवेल. परवा पेपर, आणि ज्या बाईने चुकीचं शिकवलं तीच आता बरोबर शिकवते म्हणते, कुणी का ऐकावं? तिने प्रश्न विचारला, आणि पहिल्यांदाच मला मॅडम म्हणाली नाही.

“मग मागच्या ड्रममदी काय व्हतं?”

तीन आठवड्यांत तिने विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. तीस वर्षांत कुणीही विचारला नव्हता, माझ्यासकट.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “आता कधी कळणारही नाही. हेच लिही. जे ड्रम निवडले जाण्याची शक्यताच नव्हती, त्यांच्याबद्दल त्या नमुन्यावरून काही सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाला सारखी संधी द्यायची. उदाहरण तेच दे, दारातल्या ड्रमांचं, पण चुकीचं उदाहरण म्हणून.”

ती लिहून घ्यायला लागली. मध्ये थांबून तिने बापाला विचारलं की छत्तीस ड्रमांना आकडे कशाने घालायचे, तो म्हणाला खडूने, तेलाचा डाग असला तर खडू धरत नाही, मग दोरीने चिठ्ठी बांधायची. मग त्याच आकड्यांच्या दुसऱ्या चिठ्ठ्या डब्यात घालून सात काढायच्या. न बघता. लाल-काळ्या चेंडूंची ती पिशवी कशासाठी असते, हे मला त्या दिवशी एका हेल्परकडून कळलं. चाळीस मिनिटं संपून अ‍ॅपने आम्हाला तोडलं तेव्हा मी आभार मानायचे की माफी मागायची हे ठरवत होते, आणि दोन्ही राहिलं.

ती पास झाली. मार्क काही डोळे दिपवणारे नव्हते, पण दिवाळीच्या आत कागद आला आणि लॅबमधली जागा तिला मिळाली. अ‍ॅपवरून तिने एवढं कळवलं. मी अभिनंदन लिहिलं, आणि पप्पांना नमस्कार सांग असं लिहून, मग तो शब्द कमी वाटला म्हणून त्यांची माफी मागते असंही लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. न येण्यात काही गैर नव्हतं.

दिवाळीनंतर तिचा आणखी एक संदेश आला. कुंभिवलीच्या गोदामात पहिला ट्रक तिच्या ताब्यात आला होता. तिने मागचे ड्रम काढायला सांगितले तर सगळे हसायला लागले. सुपरवायझर म्हणाला की रँडम म्हणजे दारातले, पूर्वी मोहोपाड्याला असताना आमच्या लॅबच्या मॅडमनीच तसं सांगितलंय, आणि त्या मॅडमची चूक कुणी काढू शकत नव्हतं. खाली तिने विचारलं होतं, मी त्यांना काय सांगू?

दुपारचे साडेतीन वाजले होते. तिचा फोर्कलिफ्टवाला चारला जात असणार. मी लगेच लिहिलं, त्यांना सांग, मॅडमना पावणेपाचची बस पकडायची होती.